जन्मदोषातला 'दोष' कुणाचा?

(सिंधुदुर्गनगरी, ओरोस येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा आज वैद्यकातला विषय का घेतोय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पण हा विषय निम्मा वैद्यकाचा आहे आणि निम्मा आमचा. आमचा भाग म्हणजे कारण कशाला म्हणायचं, हा प्रश्न.

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत एक मुलगा होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं आखूड आणि एकमेकांना चिकटलेली होती. विहिरीवर आम्ही सगळे उघड्या अंगाने पोहायचो, पण तो सदरा काढायचा नाही. एकदा ओल्या सदऱ्यातून दिसलं, की उजवी छाती डावीपेक्षा सपाट आहे. वाडीने निकाल कधीच लावून टाकला होता. "गिराणात कायतरी कापल्यान आसतला." कुणी कापलं? अर्थात त्याच्या आईने. पुढे त्याच्या बहिणीची सोयरीक मोडली, तीही 'घराण्यात दोष आहे' म्हणून.

तो मुलगा कुठल्या डॉक्टरला दाखवला गेला नव्हता. त्यामुळे त्याचं निदान मी करणार नाही. पण छाती आणि हात या दोन्हींवर एकाच बाजूला परिणाम करणारी एक जन्मजात अवस्था आहे. तिला 'पोलंड सिंड्रोम' म्हणतात. या नावाचा पोलंड देशाशी काही संबंध नाही. अल्फ्रेड पोलंड हा लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शरीरविच्छेदन शिकणारा एक तरुण होता. 1841 मध्ये त्याच्यासमोर जॉर्ज एल्ट नावाच्या एका कैद्याचं शव आलं. डाव्या बाजूचा छातीचा मोठा स्नायू बराचसा नव्हताच. या माणसाला डावा हात छातीवरून पलीकडे नेता येत नसे, असं लोक सांगत, याची नोंद पोलंडने केली. त्याचं सगळं लक्ष छातीवर होतं. हाताची बोटंही जोडलेली होती, पण त्यावर त्याने फारसं लिहिलं नाही. तो हात मात्र हॉस्पिटलच्या संग्रहालयात जपून ठेवला गेला.

पुढे 1962 मध्ये त्याच हॉस्पिटलमधले प्लास्टिक सर्जन पॅट्रिक क्लार्कसन यांच्याकडे जोडलेल्या बोटांचे रुग्ण आले, आणि त्यांच्या छातीचा स्नायूही नव्हता. त्यांनी पोलंडचा जुना लेख काढला, संग्रहालयातला हात पाहिला आणि दोन्ही गोष्टी जोडून या अवस्थेला पोलंडचं नाव दिलं. म्हणजे एकाच माणसाची छाती आणि हात एकत्र वाचायला 121 वर्षं लागली! ज्याच्या शरीरावरून हे कळलं, त्या एल्टचं नाव मात्र रोगाला मिळालं नाही.

आता ही अवस्था काय आहे ते पाहू. छातीच्या मोठ्या स्नायूचा बरगड्यांकडून येणारा भाग नसतो. कधी त्याखालचा छोटा स्नायूही नसतो. त्याच बाजूचा हात लहान, बोटं आखूड, पडद्याने जोडलेली. मुलींमध्ये त्या बाजूचं स्तन नीट वाढत नाही. काहींच्या बरगड्याही अपुऱ्या असतात. हे बहुधा एकाच बाजूला असतं, उजवीकडे जास्त, आणि मुलग्यांत जास्त आढळतं. सगळ्यांमध्ये सगळी लक्षणं असतातच असं नाही. साधारण 20 ते 30 हजार जन्मांमागे एक, असा अंदाज सांगतात. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाख होती. त्या हिशेबाने साधारण तीस-चाळीस माणसं आपल्यातच असायला हवीत. बहुतेकांना आपल्या अवस्थेचं नावही ठाऊक नसेल.

आता कारणाकडे येऊ. आमच्या न्यायशास्त्रात कारण ठरवायला दोन कसोट्या आहेत, अन्वय आणि व्यतिरेक. एक असेल तिथे दुसरं असतं, हा अन्वय. एक नसेल तिथे दुसरंही नसतं, हा व्यतिरेक. आणि एक इशाराही आहे, काकतालीय न्याय. कावळा ताडावर बसायला आणि ताडफळ पडायला एकच वेळ आली, म्हणून कावळ्याने फळ पाडलं असं होत नाही.

ग्रहणाला या कसोट्या लावा. कोणत्याही नऊ महिन्यांत पृथ्वीवर कुठे ना कुठे निदान एक सूर्यग्रहण होतंच. चंद्रग्रहणं वेगळी. म्हणजे कुठल्याही बाळंतपणाचं पंचांग उघडा, ग्रहण सापडणारच. मूल धडधाकट जन्मलं की कुणी पंचांग उघडत नाही. उघडतात ते बोटं जोडलेली दिसल्यावर. मग अन्वय कुठला? आणि जगात कितीतरी देशांत गरोदर बायका ग्रहणात भाजी चिरतात, ग्रहण बघायलाही जातात. त्यांची मुलं बोटं जोडलेली जन्मत नाहीत.

मग वैद्यक काय सांगतं? सर्वांत मान्य असलेलं स्पष्टीकरण असं. गळपट्टीच्या हाडाखालून एक रक्तवाहिनी जाते. छातीला आणि हाताला रक्त तिच्याकडून येतं. गर्भधारणेपासून सुमारे सहाव्या आठवड्यात त्या वाहिनीतल्या रक्तपुरवठ्यात अडथळा आला, तर तिच्यावर अवलंबून असलेले भाग अपुरे राहतात. पोलंडने छाती पाहिली, क्लार्कसनने हात जोडून पाहिला. पण हातामुळे छाती बिघडत नाही की छातीमुळे हात. दोघांचं कारण एकच, तिसरं. दोन गोष्टी नेहमी सोबत दिसल्या तर त्या एकमेकींचं कारण असतीलच असं नाही, हे तर्कशास्त्रात शिकवताना मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलं नसतं.

आणि वेळ बघा. सहावा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम महिना. गर्भ चवळीच्या दाण्याएवढा. आपल्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत शेजारी बातमीही सांगत नाहीत. आठव्या आठवड्याअखेर बोटं सुटी झालेली असतात. मग सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या सुमारास आलेल्या ग्रहणात तिने विळीवर फणस कापला काय अन् नाही कापला काय, बोटांचा निकाल पाच महिन्यांपूर्वीच लागलेला असतो. तो अडथळा तिने आणलेला नसतो. तिला तो टाळताही आला नसता.

बहिणीच्या सोयरिकीचंही तेच. ही अवस्था बहुतांश वेळा कुटुंबात एकट्यालाच होते. एकाच घरात दोघांना झाल्याची उदाहरणं विरळ आहेत.

या मुलांची बुद्धी आणि आयुर्मान इतरांसारखंच असतं. खांद्याचे आणि पाठीचे स्नायू बरंच काम सांभाळून घेतात. फ्रान्सचा जेरोम तोमा हा मुष्टियोद्धा याच अवस्थेसह जन्मला. त्याने 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि 2004 च्या अथेन्समध्ये रौप्य मिळवलं. छातीचा स्नायू अपुरा असलेला माणूस, आणि खेळ ठोशांचा!

व्यवहाराचं दोन शब्दांत सांगतो. बाळाची बोटं जोडलेली दिसली तर झबलं काढून छातीही पाहा, आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बोटं सुटी करण्याची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या-दुसऱ्या वर्षी करतात. छातीचा आकार नीट करायचा असेल तर तो बहुधा वाढ पूर्ण झाल्यावर, आणि त्या मुलाला किंवा मुलीला हवा असेल तरच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. त्यांच्या यादीत या अवस्थेचं वेगळं नाव नाही. म्हणून पालकांनी स्वतःहून मुलाचा हात दाखवावा, लपवू नये.

शेवटी आमच्या भाषेबद्दल. मराठीत 'दोष' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, उणीव आणि अपराध. 'जन्मदोष' म्हणताना आपण पहिला अर्थ घेऊन सुरुवात करतो आणि नकळत दुसऱ्यावर जाऊन पोहोचतो. उणीव मुलात दिसते, अपराध आईच्या माथी बसतो.

मी कार्यकारणभावावर पीएच.डी. केली. सुट्टीत वाडीत जायचो, तेव्हा ती माउली अंगणात दिसायची. मी नमस्कार करायचो, ती चहा द्यायची. गर्भाची बोटं कधी सुटी होतात हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पण ग्रहणाचा दावा तर्काने टिकत नाही, एवढं सांगायला ते ठाऊक असण्याची गरज नव्हती. "काकी, यात तुमचा काही अपराध नाही," हे एक वाक्य मी तिला सांगितलं नाही. लोकांच्या घरच्या गोष्टीत कशाला पडा, असं वाटलं. ती तो बोल घेऊनच गेली.

तुमच्या वाडीत अशी कुणी काकी असेल, तर हे भाषण पाठवू नका. तिच्याकडे जा आणि तोंडाने सांगा.