सुई टोचली म्हणजे मोजमाप अचूक?

स्नायूंची विद्युत क्रिया मोजायची, म्हणजे ईएमजी करायची, तर सुईच खरी आणि त्वचेवर चिकटवायचा इलेक्ट्रोड ही नुसती सोय, असा पक्का समज आहे. तो अर्धाच खरा. नेहमीच्या कॉन्सेंट्रिक सुईच्या टोकावरचा नोंद घेणारा भाग जेमतेम ०.०७ चौरस मिलिमीटरचा असतो. मज्जातंतूला इजा झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी, स्नायू सैल असतानाही, एकेका तंतूतून फिब्रिलेशनचे बारीक ठोके येऊ लागतात. ते सुईलाच सापडतात. त्वचा आणि चरबी ओलांडेपर्यंत विरून जातात. म्हणून निदानासाठी सुईला पर्याय नाही. पण चालताना पोटरी नेमकी कधी आवळते, हा प्रश्न असेल तर मूठभर तंतूंची साक्ष काय कामाची? शिवाय आकुंचनात सुई सरकते. तिथे पृष्ठभागावरचाच इलेक्ट्रोड हवा. खोलवरच्या स्नायूसाठी मात्र बारीक तारेचा इलेक्ट्रोड आत सोडावा लागतो.

दुसरा समज: इलेक्ट्रोड मोठा तितका बरा. मोठ्या चकतीचा त्वचेशी संपर्क चांगला होतो, हे खरे. पण ती शेजारच्या स्नायूचाही आवाज गोळा करते, आणि दोन चकत्यांमधले अंतर वाढवले की ही सरमिसळ आणखी वाढते. म्हणूनच सेनियम या युरोपीय प्रकल्पाने तंतूंच्या दिशेने चकती १० मिलिमीटरपेक्षा मोठी नको आणि मध्यांतले अंतर २० मिलिमीटर ठेवा, असे सुचवले. ईसीजीचे स्टिकरही चांदी-क्लोराइडचेच, मग तेच का नको? मांडीवर चालतील, पण त्यांचा चिकट घेर रुंद असल्याने लहान मुलाच्या मनगटाजवळ दोन स्टिकर पुरेसे जवळ बसतच नाहीत. जागाही महत्त्वाची: मज्जातंतू स्नायूला मिळतो त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चकती आली, तर संकेत एकमेकांना बऱ्यापैकी खोडून काढतात.

हल्लीचे ॲम्प्लिफायर इतके चांगले असताना त्वचा कशाला घासायची, असे कुणी म्हणेल. ॲम्प्लिफायरने बराच भार उचलला आहे, हे मान्य. तरीही एका चकतीखाली केस आणि कोरडी कातडी, दुसरीखाली स्वच्छ त्वचा, असे असले की घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण हमखास शिरते. उघड्या पाकिटात जेल वाळलेला इलेक्ट्रोडही तोच घोळ घालतो. राहता राहिली उंच लाट म्हणजे जास्त ताकद ही समजूत. त्वचेखालच्या चरबीचा थर जाड असला की तेवढ्याच जोराची लाट बुटकी दिसते. त्यामुळे दोन माणसांचे मायक्रोव्होल्ट शेजारी ठेवून ताकद ठरवू नका. प्रत्येकाची नोंद त्याच्याच कमाल आकुंचनाच्या टक्केवारीत मांडा.