एका टिंबाची लबाडी

दोस्तांनो, ई-मेल पोचवणाऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, पत्र संपलं हे कसं कळतं? एका टिंबावरून! ओळीवर एकटंच टिंब दिसलं, की पत्र खलास. हा नियम १९८२ सालचा, आणि अजून चालू आहे.

ओळ संपली हे सांगायला मात्र दोन खुणा लागतात: 'सुरुवातीला परत जा' आणि 'एक ओळ खाली उतर'. जुन्या टाइपरायटरची ही आठवण, बरं का! दोन्ही खुणा हव्यातच. पण काही सर्व्हर भलतेच भिडस्त. एकच खूण दिसली तरी 'चालेल' म्हणायचे.

लबाडांना तेवढं पुरे. पत्राच्या मध्येच अर्ध्या खुणांचं टिंब टाकायचं नि त्याखाली दुसरं पत्र लिहायचं, दुसऱ्याच कुणाच्या नावाने. पाठवणाऱ्या सर्व्हरला ते एकच पत्र वाटतं, घेणाऱ्याला दोन! तशी कुठल्या पत्त्याची पत्रं कुठल्या सर्व्हरने आणायची, याची यादी असते. पण त्याच सर्व्हरवरून पत्रं पाठवणाऱ्या एखाद्या बँकेचं नाव चोरलं, तर यादी तपासूनही चोरी सापडत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये टिमो लाँगिन या संशोधकाने ही युक्ती उघड केली, आणि ऐन नाताळाच्या तोंडावर पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम या सर्व्हर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांची धावपळ उडाली. उपाय साधा: अर्ध्या खुणांचं टिंब हा पत्राचा शेवट मानायचाच नाही.

आई-बाबांच्या ऑफिसचा स्वतःचा मेल-सर्व्हर आहे? मग विचारा पाहू, त्यातला प्रोग्रॅम त्यानंतर बदलला का!