कोळ्याला आठ पाय हवेतच

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी खाऊ मागत दारात आलेल्या पोराच्या पिशवीत घरी केलेलं चॉकलेट टाकलं, तर ते बहुधा त्याच्या तोंडापर्यंत पोचत नाही. घरी गेल्यावर आई-बाबा पिशवी रिकामी करतात, एकेक वेष्टन उलटसुलट करून बघतात आणि कंपनीचं सीलबंद नसेल ते सरळ कचऱ्यात टाकतात. खाऊ कितीही मायेनं केलेला असो.

पूर्वी असं नव्हतं. हॅलोविन अमेरिकेत नेला तो प्रामुख्यानं आयर्लंड-स्कॉटलंडहून गेलेल्या लोकांनी. सोंग घेऊन दारोदार खाऊ मागायची चाल तिथे १९३० च्या दशकात पसरली, दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा थंडावली आणि नंतर दुप्पट जोमानं परतली. पन्नास-साठच्या दशकांत पाकातल्या पॉपकॉर्नचे लाडू, कुकीज, कॅरमलमध्ये बुडवलेली सफरचंदं असा घरचा खाऊ शेजारीपाजारी बिनधास्त मुलांच्या हातावर ठेवत. मग सफरचंदात ब्लेड, गोळ्यांत विष अशा वावड्या उठू लागल्या. १९७४ साली टेक्सासमध्ये सायनाइड घातलेल्या गोळीपुडीनं आठ वर्षांचा एक मुलगा खरोखरच दगावला. पण विष घालणारा कुणी परका नव्हता, विम्याच्या पैशांवर डोळा असलेला सख्खा बाप होता. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसानं वाटलेल्या हॅलोविनच्या खाऊतल्या विषानं मूल दगावल्याचा एकही सिद्ध झालेला प्रकार त्यांना सापडला नाही. धास्ती मात्र बसली ती बसलीच.

त्यामुळे घरचं चॉकलेट दारावरून उठलं आणि स्वयंपाकघरात, ओळखीच्या मुलांच्या पार्टीत जाऊन बसलं. मुलांचं यात नुकसान झालं असं म्हणवत नाही. शंभरजणांना वाटायचं नाही म्हटल्यावर वाकडंतिकडं चालतं, आणि वाकडंतिकडं चालणार असेल तरच मोठी माणसं मुलांना ओट्याशी फिरकू देतात.

सगळ्यात हमखास जमणारा प्रकार म्हणजे कोळी. ओरिओसारखं क्रीमचं बिस्किट हे त्याचं अंग. प्रेट्झेल नावाच्या खाऱ्या, वळणदार बिस्किटांचे तुकडे हे पाय. चार एका बाजूनं, चार दुसऱ्या बाजूनं क्रीममध्ये खुपसायचे, वरून वितळलेलं चॉकलेट ओतायचं आणि ते ओलं असतानाच साखरेचे दोन डोळे चिकटवायचे. सहा पायांवर भागवायला गेलं की शाळेत कीटक आणि कोळी यांतला फरक नुकताच शिकलेलं एखादं पोर हटकून हरकत घेतं. आणि त्याचं बरोबरच असतं.

खरी गोम आहे ती चॉकलेट वितळवण्यात. कोकोच्या लोण्याचे स्फटिक सहा प्रकारे जमतात आणि त्यांतला पाचवाच हवा असतो, कारण चकाकी, कट्‌कन मोडणं आणि जिभेवर विरघळणं हे सगळं त्याच्यामुळे. त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून २७-२८ अंशांवर उतरवतात आणि पुन्हा ३१-३२ वर आणून वापरतात. घरगुती युक्ती याहून सोपी आहे. दोन भाग चॉकलेट वितळवायचं, गॅसवरून उतरवायचं आणि तिसरा भाग बारीक चिरून थोडा थोडा ढवळत घालायचा. न वितळलेल्या तुकड्यांतले चांगले स्फटिक बाकीच्यांना वळण लावतात. ढवळण्याचं हे काम मुलांनाच द्यावं, कारण त्याला बळापेक्षा चिकाटी लागते. हे न करता चॉकलेट तसंच जमू दिलं, तर काही दिवसांत त्यावर पांढुरके डाग दिसतात. ती बुरशी नव्हे, वर आलेलं लोणी असतं. खायला हरकत नाही, पण भुतांच्या सणातही ते कुणाला आवडत नाही.

पाणी हा दुसरा शत्रू. ओला चमचा किंवा डबल बॉयलरमधली वाफ, एवढ्यानंही साखर ओली होऊन अख्ख्या भांड्याचा दाणेदार गोळा होतो. तो फेकू नये. गरम दूध घालून घोटलं की त्याचा सॉस होतो. याच कारणानं पांढऱ्या चॉकलेटमध्ये बुडवून स्ट्रॉबेरीची भुतं करायची तर फळं आधी कापडानं कोरडी पुसावी लागतात, आणि केशरी-जांभळे रंगही पाण्यातले नव्हे, तेलातले लागतात. बुडवलेली स्ट्रॉबेरी बटर पेपरवर ठेवताना किंचित ओढली की मागे चॉकलेटचं शेपूट राहतं. भुताचा झगा तोच.

२०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी मिळाली. तिकडच्या मराठी घरांत चकलीचा सोऱ्या आणि चॉकलेटचं भांडं एकाच ओट्यावर आलं असेल, तर नवल नाही. इकडे दिवाळीच्या सुमारास घरगुती चॉकलेटं करणारे बहुतेकजण कंपाउंडची लादी आणतात. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे चव थोडी उतरते, पण अंशांचा हिशोब सुटतो. लहान मुलांबरोबर करायचं तर हा सौदा वाईट नाही. प्रेट्झेल नाही मिळालं तर चकली मोडावी, कोळ्याच्या पायाला हवा तो बाक तिच्यात आयताच असतो.

पार्टीला बाहेरची मुलं येणार असतील तर शेंगदाणे, बदाम, दूध यांची ॲलर्जी कुणाला आहे का, हे आधी विचारावं. अमेरिकेत टेनेसी राज्यातून २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रथेनुसार दारात मोरपंखी भोपळा दिसला, की तिथे खेळणी, स्टिकर असं न खाण्याचंही काही मिळणार हे ॲलर्जी असलेल्या मुलांना कळतं. घरात कुत्रा असेल तर उरलेला ऐवज वरच्या फडताळात ठेवावा. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषासारखं बाधतं, आणि चॉकलेट जितकं गडद तितका धोका जास्त.