वाफसा, मृग आणि छाटणी

देवळाली कॅम्पात लॉनचं तण काढायला येणाऱ्या बायका आधी मातीला हात लावून बघतात. मूठभर माती उचलायची, दाबायची. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आला, खुरपं पिशवीतून बाहेर येतं. तसाच चिकट राहिला तर ‘वल्लं हाये अजून, परवा येऊ’ म्हणून त्या परत फिरतात. मालकाला घाई असते, कारण तण डोळ्यांदेखत वाढत असतं. पण वाफसा नसताना बसलं तर तणासोबत हरळीचा लपकाही उपटून येतो आणि पायाखाली माती घट्ट बसते. अशा दाबलेल्या जागेत हरळी मागे पडते आणि तण पुढे सरकतं. माती फार सुकली तर मूळ आत तुटतं. मधले दोन-तीन दिवस हातात असतात, पुन्हा सर येईपर्यंत.

लॉनच्या तणाबद्दल विलायती पुस्तकांत वसंत आणि शरद असे दोन हंगाम दिलेले असतात. तिकडे थंडी सरली, जमीन तापली की बी रुजतं. इथे जमीन मार्चपासूनच तापलेली असते, बी वाट बघतं ते ओलीची. म्हणून देवळालीचं वेळापत्रक नक्षत्रांवर चालतं. रोहिणीत वळवाच्या एखाद-दोन सरी पडल्या की पहिला हिरवा मुलामा येतो आणि मृग बरसला की आठवडाभरात केना, माठ, टाकळा, दुधी सगळे एकदम डोकी वर काढतात. या वयात त्यांना दोन बोटांत धरून उपटता येतं. आर्द्रा संपेपर्यंत थांबलं तर त्याच केन्याच्या कांड्यांना जागोजागी मुळं फुटलेली असतात आणि एक तुकडा राहिला तरी नवं रोप उभं राहतं.

कांद्याच्या शेतात तणाचं बी उगवण्याआधी पेंडीमिथॅलीन हे तणनाशक मारतात, तसं काही जण लॉनवरही पहिल्या पावसाच्या तोंडावर मारतात. चांगल्या मुरलेल्या हरळीत ते चालतं. नव्याने लावलेल्या लॉनवर मात्र नको, हरळीच्याच कोवळ्या मुळांना ते अडवतं. आणि लव्हाळ्याला त्याने काही होत नाही, कारण लव्हाळा बियाण्यावर अवलंबूनच नाही.

लव्हाळ्यापाशी मात्र थांबायला हवं. वर दिसतात तीन-चार चकचकीत पाती. खाली काळ्या गाठींची माळ असते, एका दोऱ्यात ओवल्यासारखी. वरची गाठ जिवंत असेपर्यंत खालच्या बऱ्याचशा गाठी झोपलेल्या राहतात. आपण पाती धरून ओढतो, दोरा तुटतो, आणि खालच्या जाग्या होतात. उपटल्यावर लव्हाळा दुपटीने आला अशी तक्रार पावसाळ्यात घरोघरी ऐकू येते, तिचं कारण हे. पाती वर आल्यापासून महिना-सव्वा महिन्याच्या आत नवी गाठ धरायला लागते. म्हणजे एकदाच जोर लावून उपयोग नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी, गाठ धरण्याआधी पाती काढत राहायचं. खालचा साठा पाती फुटण्यातच खर्च होतो. दुसरा घाव उन्हाळ्यात. लॉनच्या ज्या कोपऱ्यात लव्हाळाच लव्हाळा झालाय, तो कोपरा मेच्या आधी खणून गाठी उघड्या पाडायच्या आणि पाणी बंद करायचं. कडक उन्हात गाठ वाळली की मरते. पण बंगल्यातल्या माणसाला मे महिन्यात हिरवळ हवी असते, पाहुणे येतात, म्हणून पाईप चालू राहतो आणि गाठी मजेत राहतात.

खरं तर अर्धा लव्हाळा आपणच विकत आणतो. पावसाआधी लॉनवर तांबडी माती आणि शेणखत पसरायची इथे पद्धत आहे. माती ट्रकने येते, गाठींसकट. खत नीट कुजलेलं नसेल तर जनावराच्या पोटातून तगून आलेलं बी त्यात असतं. माती चाळून, खत वर्षभर मुरवून वापरणारे माळी मला थोडेच भेटले, आणि त्यांच्या लॉनवर खुरपणीला बायकाही थोड्या लागतात.

गाजर गवताची वेळ वेगळी. 1955 च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत आता कुंपणाकडेला बाराही महिने असतं, पण उसळतं ते जुलै-ऑगस्टात. उगवल्यापासून महिनाभरात त्याला फुलं येतात आणि एक झाड हजारो बिया टाकतं. फुलावर आलेलं गाजर गवत उघड्या हाताने उपटू नये. अंगावर खाज उठते, काहींना दमा होतो. पुष्य नक्षत्रात, पानं गाजरासारखी जमिनीलगत पसरलेली असतानाच ते काढावं. त्याच दिवसांत त्याच्यावर मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेले भुंगे दिसतात. 1984 मध्ये हे मेक्सिकन भुंगे बंगळूरला मुद्दाम आणून सोडले गेले आणि पसरत इकडे आले. ते पानांची चाळण करतात. कुंपणाबाहेर भुंगे लागलेली झाडं दिसली तर ती राहू द्यावीत असं माझं मत आहे; पाऊस सरला की भुंगे जमिनीत शिरून झोपतात, तोवर त्यांना खाऊ द्यावं.

कापणीच्या यंत्राचाही यात हात आहे. पावसाळ्यात हरळी जोमात असते, ती जरा उंच ठेवली तर तिच्या सावलीत बारीक बी रुजत नाही. गालिचा दिसावा म्हणून माती दिसेपर्यंत कापली की ऊन थेट खाली पोचतं, आणि ते तणाला बोलावणंच.

मग लोक फवाऱ्याकडे वळतात. रुंद पानाचं तण मारून गवत शिल्लक ठेवणारं टू-फोर-डी सहज मिळतं. पण हा नाशिक जिल्हा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी होते, मागोमाग कोवळी फूट आणि घड निघतात, आणि द्राक्षवेल या औषधाला अतिशय हळवी. वाऱ्यावर गेलेला थोडासा अंशही पान पंख्यासारखं आखडवतो. एस्टर प्रकारचं असेल तर उन्हात त्याची वाफही दूरवर जाते. कॅम्पाच्या बाहेर पडलं की वावरं आणि बागा सुरू होतात. तेव्हा कुणाला फवारायचंच असेल, तर ते जुलैतच, वारा पडलेला बघून. छाटणी सुरू झाल्यावर नाही.

छाटणीचा आणखी एक हिशेब आहे. ज्या बायका लॉनवर बसतात त्याच दसऱ्यापासून बागेत जातात. आधी फेलफूट काढणं, मग विरळणी, मग घड बुडवणं. तिथे काम सलग आणि मजुरी बरी. बंगल्यावरच्या निरोपाला मग ‘पोळ्याच्या आधी बोलवायचं ना, ताई’ एवढंच उत्तर येतं. आणि ऑक्टोबरात आंबुशी आणि एकदांडी बियावर असतात, थंडीत हरळी मंदावते, पिवळी पडते, त्या रिकाम्या जागांत हेच बी रुजतं. म्हणून शेवटचा हात मघा-पूर्वात, फार तर उत्तरा लागायच्या आत फिरवून घ्यावा, म्हणजे 13 सप्टेंबरच्या आधी. यंदा मी खुरपणीच्या मावशींना नारळीपौर्णिमेलाच सांगून ठेवलंय. त्यांनी दोन दिवस दिलेत, वाफसा असेल तर.