सर्व्हरकडून निघून पुन्हा सर्व्हरकडे

२००२ साली मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट आलं, तेव्हा आम्हा प्रोग्रॅमरांना त्यातल्या डेटाग्रिडचं फार अप्रूप वाटलं होतं. हा तयार तक्ता पानावर ओढून आणायचा, डेटाबेसला जोडायचा आणि बटण दाबल्यावर काय व्हावं तेवढं लिहायचं. अडचण मुळातच होती. वेबला मागचं काही आठवत नाही, सर्व्हरला प्रत्येक विनंती नवीच असते. मग तक्त्याचं कितवं पान उघडं होतं, कोणती ओळ निवडली होती, हे लक्षात ठेवायचं कुणी? त्यावर व्ह्यूस्टेट हा तोडगा निघाला. घटकांची सगळी स्टेट पानातच एका लपवलेल्या रकान्यात भरायची आणि प्रत्येक क्लिकबरोबर ती सर्व्हरकडे परत धाडायची. तक्ता मोठा असला की हा लपवलेला मजकूर दिसणाऱ्या मजकुरापेक्षा जड होई. २००४ च्या धोरणात भारत सरकारने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. त्या वेगाच्या जोडणीवर कॅलेंडरमधला महिना बदलायचा म्हटलं तरी अख्खं पान नव्याने उतरायची वाट पाहावी लागे.

फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ हे नाव रुळवलं आणि पानाचा तुकडाच बदलता येतो हे सगळ्यांना कळलं. पुढच्या वर्षी जेक्वेरी आली, २००७ मध्ये जेक्वेरी यूआय. तारीख निवडायची खिडकी, टॅब, सरकपट्टी असे घटक तयार मिळू लागले. पान सर्व्हरनेच घडवायचं, वर थोडी हालचाल जावास्क्रिप्टची. माझ्या मते ती वाटणी समंजस होती. घटक वाढले की ते एकमेकांशी बोलेनासे होत, हा तिचा खरा दोष.

तो दोष २०१३ मध्ये रिॲक्टने आणि २०१४ मध्ये व्ह्यूने दूर केला. स्टेट बदला, पडदा आपोआप बदलेल. कल्पना सुंदर होती, आजही आहे. पण तिच्यापायी सगळा संसार ब्राउझरमध्ये हलला. सर्व्हरकडून रिकामं पान आणि जावास्क्रिप्टचा गठ्ठा येऊ लागला, माहिती मागून वेगळी. तोच नियम दोन भाषांत दोनदा लिहायचा. नकाशा किंवा चित्रं काढायच्या साधनाला हे हवंच. अर्ज, यादी आणि अहवाल यांच्यासाठी मात्र आपण कितीतरी वर्षं विनाकारण हा खर्च केला.

परतीची वाट २०१८ मध्ये दिसली. क्रिस मॅकॉर्ड यांनी फीनिक्स या वेब फ्रेमवर्कसाठी लाइव्हव्ह्यूची घोषणा केली ती त्या वर्षी. त्याची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. पहिल्यांदा पूर्ण पान सर्व्हरकडून येतं, मग वेबसॉकेटची तार जोडली जाते. उघड्या असलेल्या प्रत्येक पानामागे सर्व्हरवर एक हलकी प्रोसेस जागी राहते आणि स्टेट तिच्याकडे असते. साच्यातला स्थिर भाग एकदाच पाठवला जातो, नंतर फक्त बदललेल्या किमती. हे झेपतं, कारण खाली अर्लँग आहे, एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली. लाखो संभाषणं एकाच वेळी सांभाळणं हे तिचं जन्मजात काम.

पीएचपीकडे अशा जाग्या प्रोसेस नव्हत्या. म्हणून २०१९ मध्ये कॅलेब पोर्झिओ यांनी लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कसाठी लाइव्हवायर आणलं, तेव्हा कंपोनंटची स्टेट पानासोबतच दिली, छेडछाड कळावी म्हणून तिला चेकसम लावला आणि दर वेळी ती परत मागवली. ओळख पटली? हा व्ह्यूस्टेटचाच वारस. फरक एवढाच की गठ्ठा अख्ख्या पानाऐवजी एका कंपोनंटचा असतो आणि उत्तर आलं की पडद्यावरचा बदललेला भागच जुळवून घेतला जातो. डिसेंबर २०२० मध्ये रेल्सवाल्यांनी हॉटवायर जाहीर केलं आणि त्याच महिन्यात रिॲक्टने सर्व्हर कंपोनंट्स. सर्व्हरवाल्या आणि ब्राउझरवाल्या, दोन्ही छावण्या दोन टोकांकडून एकाच जागी येत होत्या.

या तयार घटकांनी मला सर्वांत जास्त छळलं ते मराठीच्या बाबतीत. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर शब्द पुरा होईपर्यंत तो कच्चा असतो. तेवढ्यात सर्व्हरचं उत्तर येऊन रकाना पुन्हा रंगवला गेला की अर्धा शब्द पुसला जातो. अक्षरमोजणी तर निराळीच. ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरं, संगणकाला सात. तीस अक्षरांची मर्यादा घातलेल्या रकान्यात आपलं पूर्ण नाव मावत नाही. काहींनी याचा विचार केलेला आहे. टाइप करणं चालू असलेल्या रकान्यातला मजकूर लाइव्हव्ह्यू सर्व्हरला पुसू देत नाही, आणि कच्चा शब्द पुरा होईपर्यंत व्ह्यूचं व्ही-मॉडेल थांबतं.

लाइव्हव्ह्यूची १.० आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली. तयार घटकांचे संच आता भरपूर आहेत आणि ते वापरावेत, तारखेची खिडकी पुन्हा पहिल्यापासून लिहिण्यात अर्थ नाही. एवढंच करा: घटक निवडण्याआधी एखाद्या स्वस्त फोनवर त्यात आपला सगळा पत्ता मराठीत टाइप करा, मध्येच नेटवर्क बंद करून पुन्हा चालू करा, आणि लिहिलेलं जागेवर आहे का ते बघा.