वर्गाचं पहिलं ई-पुस्तक : अपलोड करण्याआधीची कामं



आपल्या बऱ्याच शाळांमध्ये मुलांचं हस्तलिखित निघतं. मुलं गोष्टी लिहितात, कविता करतात, चित्रं काढतात. पण प्रत एकच असते. स्नेहसंमेलनात ती टेबलावर मांडली जाते आणि नंतर कपाटात जाते. घरी आजी-आजोबांना ती वाचायलाच मिळत नाही. याच हस्तलिखिताचं ई-पुस्तक केलं, तर ते घराघरातल्या मोबाईलवर पोहोचतं आणि छपाईचा खर्चही नाही. मात्र इथे प्रकाशक आपणच असतो. त्यामुळे परवानगी, शुद्धलेखन, मांडणी ही सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

१) टायपिंग युनिकोडमध्येच करा.
कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी. ज्या मोबाईलमध्ये तो फॉन्ट नाही, तिथे नुसती अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये ही अडचण येत नाही. मोबाईलवर बोलूनही टाईप करता येतं, पण नंतर ओळ न् ओळ मूळ वहीशी ताडून पाहा.

२) शुद्धलेखन तपासा, मुलाची भाषा बदलू नका.
ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार जरूर दुरुस्त करा. पण एखाद्याने संवादात घरची बोली लिहिली असेल, तर ती तशीच राहू द्या. आपण ती 'प्रमाण' करून टाकली, तर छापलेली गोष्ट त्याला स्वतःची वाटणार नाही.

३) ईपब की पीडीएफ?
पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं असतं. लहान स्क्रीनवर ते मोठं करून इकडेतिकडे सरकवावं लागतं. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की मजकूर आपोआप नव्याने बसतो. चष्मा लावणाऱ्या आजीला हेच सोयीचं. चित्रांवरच मजकूर असलेलं पुस्तक असेल, तर मात्र पीडीएफ बरी. गुगल डॉक्समध्ये 'फाईल', मग 'डाउनलोड' इथे गेलं की ईपबचा पर्याय मिळतो. प्रत्येक गोष्टीच्या नावाला 'हेडिंग' द्या, म्हणजे अनुक्रमणिका तयार व्हायला मदत होते.

४) हक्क कोणाचा?
भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला हक्क सहसा लेखकाचा असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे तिसरीतल्या मुलीने लिहिलेली गोष्ट तिचीच. म्हणून पालकांची लेखी संमती घ्या. पुस्तक मोफत वाटणार की विकणार, पैसे आले तर कुठे जाणार, हे त्यात स्पष्ट लिहा. लेखक म्हणून मुलाचं नाव हवंच, पण पहिलं नाव आणि इयत्ता पुरे. पत्ता, फोन नंबर, फोटो नको.
इंटरनेटवरची चित्रं उचलू नका, मुलांचीच वापरा. दुसऱ्याची कविता घालायची तर परवानगी लागते. लेखकाच्या निधनानंतर साधारण ६० वर्षांनी त्याचं साहित्य मुक्त होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं २०११ पासून मुक्त आहेत.

५) ठेवायचं कुठे?
फक्त पालकांपर्यंत न्यायचं असेल, तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाईल पुरते. सगळ्यांसाठी खुलं करायचं असेल, तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आहे. तिथे मराठीतही सचित्र गोष्टी तयार करता येतात. पण तिथली गोष्ट, लेखकाचं नाव देऊन, कुणीही वापरू शकतो, बदलूही शकतो. ही बाब संमतीपत्रात आधीच लिहायला हवी. विकायचं असेल, तर ॲमेझॉनच्या किंडल सेवेवर मराठी पुस्तक प्रकाशित करता येतं. ते अपलोड करायला पैसे लागत नाहीत आणि आयएसबीएनची सक्ती नाही. शासकीय सेवेत असलेल्यांनी विक्रीआधी कार्यालयात नियम विचारून घ्यावेत.

६) शेवटची तपासणी मुलांकडून.
दोन-तीन वेगवेगळ्या मोबाईलवर पुस्तक उघडा. 'वाऱ्या', 'सुट्ट्या', 'ॲ' अशी अक्षरं नीट दिसतात का बघा. मग प्रत्येक मुलाला स्वतःचं पान वाचायला द्या. "सर, हे मी असं नव्हतं लिहिलं," असं कुणी म्हणालं, तर थांबा आणि दुरुस्त करा.

अपलोड करायला फार वेळ लागत नाही. ही सहा कामं मात्र निवांत होऊ द्या. सुरुवातीला दहा-बारा पानांचं पुस्तक पुष्कळ झालं. आपलं नाव लेखक म्हणून पाहिलेलं मूल पुढच्या वेळी वही घेऊन आपणहून पुढे येतं.