घाटाखालची वखार

सांगलीत वखार म्हटलं की वखारभाग आठवतो, नाहीतर लाकडाची वखार. म्हणून ‘इंग्रजांची वखार बघायला राजापूरला चाललोय’ म्हणताच शेजारच्या काकांनी विचारलं, “सागवान स्वस्त मिळतंय काय तिकडं?”

राजापूरला बंदर म्हणायचं, पण समुद्र दिसत नाही. जैतापूरच्या खाडीमुखापासून बरंच आत, अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी हे गाव. आदिलशाहीत एवढ्या आडबाजूच्या गावाला मोल आलं ते घाटामुळं. कराडकडचा माल कुंभार्लीनं चिपळूण-दाभोळला उतरे, कोल्हापूर-विजापूरकडचा अणुस्कुऱ्यानं राजापूरला. बैलांच्या पाठीवरून मिरी आणि कापड खाली यायचं. त्याच्याच वासावर इंग्रज इथं आले आणि १६४९मध्ये त्यांनी वखार घातली. पुढं फ्रेंचांनीही घातली. गोऱ्यांचा वारसा शोधायला आपण किनाऱ्याकडं धावतो. राजापूर कळायचं तर घाटमाथ्यावरूनच उतरावं.

वाटेत वाघबीळला पन्हाळ्याचा फाटा लागतो. वखारीचं नशीब फिरलं ते या गडापाशी. १६६०मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला होता, शिवाजी महाराज आत अडकले होते. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफा आणि गोळे घेऊन घाट चढून आला. नुसता दारूगोळा विकला असता तर कदाचित व्यापार म्हणून खपलंही असतं. पण या मंडळींनी आपलं निशाण फडकावून गडावर मारा केला. व्यापाऱ्याला एवढी हौस कशाला?

महाराज वेढ्यातून निसटले ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी, १६६१मध्ये, मराठे राजापुरात उतरले. वखार लुटली, रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार धरले. कैद्यांना महाडजवळच्या सोनगडावरही ठेवलं होतं. त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडं गाऱ्हाणं घातलं, तर तिकडून उलट खडसावणारं उत्तर आलं: पन्हाळ्यावर निशाण लावून गोळे टाकायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? कंपनीचा हा कोरडेपणा मला त्या लुटीपेक्षा बोलका वाटतो. शेवटच्या कैद्यांची सुटका व्हायला १६६३ उजाडलं.

पैशाचा विसर मात्र इंग्रजांना पडला नाही. जून १६७४मध्ये हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर आला, तेव्हा नजराण्याबरोबर राजापूरच्या भरपाईची मागणीही होतीच. बोलणी १०,००० होनांवर ठरली. दुसऱ्या वर्षी वखार पुन्हा उघडली, पण जुना जम काही बसला नाही.

इंग्रजी अमलात त्याच दगडी वास्तूत सरकारी कचेरी भरायची. वखारवाल्यांच्याच वारसांनी तिथं बसून कोकणाचा सारा मोजला! आज खाडी गाळानं भरलीय. मोठा पाऊस झाला की पाणी जवाहर चौकात शिरतं आणि दुकानदार माल माळ्यावर चढवतात. मी उभा होतो तिथल्या किराणा दुकानात मिऱ्यांची बरणी होती. पन्नास ग्रॅम घेतली, काकांसाठी.